रोंटीच्या कड्याची कागदपत्रे

7 फेब्रुवारी 2021, रविवार. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात ऋषिगंगेतून चिखल, धोंडे आणि पाण्याचा लोंढा उतरला. रैणी गावाजवळचा 13.2 मेगावॅटचा वीजप्रकल्प त्याने पुसून टाकला आणि पुढे धौलीगंगेवर बांधकाम चालू असलेल्या 520 मेगावॅटच्या तपोवन-विष्णुगाड प्रकल्पात तो घुसला. दोनशेहून अधिक माणसे गेली किंवा बेपत्ता झाली. त्यांत प्रकल्पांवर राबणारेच बहुसंख्य होते. त्या दिवशी बातम्यांत एकच वाक्य फिरत होते : हिमनदी फुटली.

हे वाक्य तपासायचे तर अडचण अशी, की जिथे हे सुरू झाले तिथे पाहणारे कोणी नव्हते. म्हणून पुरावा तीन ठिकाणी शोधावा लागला : उपग्रहचित्रांत, भूकंपमापकांच्या नोंदींत आणि खालच्या लोकांनी मोबाइलवर टिपलेल्या चित्रफितींत. कॅल्गरी विद्यापीठाचे डॅन शुगर आणि त्यांचे सहकारी, एकूण 53 संशोधक, यांनी हा पुरावा जुळवून चार महिन्यांत ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडला.

भूकंपमापकांनी वेळ दिली : सकाळचे सुमारे 10 वाजून 21 मिनिटे. जागा चित्रांनी दिली. रोंटी शिखराच्या उत्तरेकडच्या कड्यावर, सुमारे 5,500 मीटर उंचीवर, आधीच्या चित्रांत बर्फाने मढलेला उतार आहे. नंतरच्या चित्रांत तिथे उघडा, काळा खडक आहे आणि खालच्या दरीवर धुळीचा थर पसरला आहे. फुटून एवढा पूर यावा असा तलाव मात्र आधीच्या कोणत्याच चित्रात सापडला नाही. माझ्या मते या साऱ्या पुराव्यात हा ‘नसण्याचा’ पुरावा सर्वांत मोलाचा. सरोवर फुटल्याचा तर्क त्याने बाद केला.

मग एकाच जागेची वेगवेगळ्या कोनांतून घेतलेली चित्रे जोडून उंचीचे नकाशे केले गेले, घटनेपूर्वीचा आणि नंतरचा. दोन्हींची वजाबाकी केली तेव्हा कड्यातून निखळलेल्या वस्तुमानाचे घनफळ मिळाले : सुमारे 2 कोटी 70 लाख घनमीटर. त्यात अंदाजे 80 टक्के खडक आणि 20 टक्के बर्फ. म्हणजे हिमनदी फुटली नव्हती. अंगावरच्या बर्फासकट डोंगराचा कडा सुटला होता. तो सुमारे 1,800 मीटर खाली रोंटीगाड दरीच्या तळावर आदळला. घर्षणाच्या उष्णतेने जवळजवळ सगळा बर्फ वितळला आणि पाऊस नसताना, ऐन थंडीत, त्या खडकचुऱ्याला वाहते करणारे पाणी तयार झाले.

यानंतर संशोधकांनी जुनी चित्रे मागे मागे उलटत नेली. निखळलेला ठोकळा 2016 पासून सरकत असल्याचे त्यांत दिसले. 2017 आणि 2018च्या उन्हाळ्यांत तो सर्वाधिक हलला होता. त्याच्या माथ्याशी बर्फात आणि खालच्या खडकात 80 मीटरपर्यंत रुंद भेग पडली होती. ही चित्रे तोवर संग्रहात पडून होती.

इथे न्यायाने बोलले पाहिजे. भेग दिसली म्हणजे तारीख कळते असे नाही. हिमालयात असे भेगाळलेले कडे अनेक आहेत आणि त्यांतले पुष्कळसे वर्षानुवर्षे जागेवर राहतात. ढगांतून आणि अंधारातही पाहणारे रडार एरवी जमिनीची काही मिलिमीटरची हालचाल पकडते. पण बर्फाच्छादित, उभ्या कड्यावर त्याचे माप विस्कटते. तरीही ‘इथे लक्ष ठेवा’ एवढे सांगायला ती भेग पुरेशी होती, असे मला ठामपणे वाटते.

कारण याच चमोलीच्या मुलखात एकदा लक्ष ठेवले गेले होते. सप्टेंबर 1893 मध्ये गोहना इथे डोंगर कोसळून बिरही गंगा अडली आणि मागे मोठे सरोवर साठू लागले. पुलफर्ड नावाच्या इंजिनिअराने पाणी चढण्याचा वेग मोजून ते पुढल्या ऑगस्टच्या मध्यास बांधावरून वाहील असे सांगितले. सरोवरावर पहारा बसला, खालच्या गावांपर्यंत तारेची लाइन टाकली, माणसे उंचावर हलवली. 25 ऑगस्ट 1894 च्या रात्री बांध फुटला. गढवालमधले श्रीनगर शहर उद्ध्वस्त झाले, पण बळी पाचच गेले. सूचना देऊनही बांधाखाली परतलेल्या एका फकिराचे ते कुटुंब होते.

गोहन्यात धोका पाण्याच्या रूपाने रोज डोळ्यांसमोर चढत होता आणि हाताशी जवळजवळ वर्ष होते. रोंटीचा धोका फक्त चित्रांत होता, हा फरक खरा. पण गोहन्याच्या वेळी धोका वाचणारा माणूस नेमलेला होता आणि त्याच्यापासून गावापर्यंत तार होती.

इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने 2023 मध्ये देशातल्या सुमारे 80,000 दरडींची नोंद असलेला नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. 30 जुलै 2025 रोजी निसार हा रडार उपग्रह अवकाशात गेला. दर बारा दिवसांनी तो त्याच जागेवरून पुन्हा जातो. चित्रांची उणीव आता उरलेली नाही. ज्या दरीत धरण, बोगदा किंवा वस्ती आहे, तिच्या वरच्या कड्यांची चित्रे ठरावीक दिवशी पाहणारा माणूस नेमा, आणि त्याचा फोन थेट खालच्या गावात वाजेल अशी सोय करा.