पाहा आणि टाळा

आकाश एवढें अफाट, त्यांत दोन विमानांची टक्कर व्हावी तरी कशी, असें सामान्य माणसास सहज वाटतें. विमानविद्येच्या आरंभीं वैमानिकांची समजूतहि फारशी निराळी नव्हती. ‘पाहा आणि टाळा’ हाच त्यांचा नियम होता. आणि वेग थोडा होता तोंवर मनुष्याचा डोळा त्या कामास पुरला.

३० जून १९५६ रोजीं हा विश्वास ढळला. लॉस एंजेलिसहून तीन मिनिटांच्या अंतरानें निघालेलीं दोन प्रवासी विमानें ग्रँड कॅन्यनच्या दरीवर एकमेकांवर आदळलीं व १२८ माणसें प्राणांस मुकलीं. त्याच सुमारास बेंडिक्स कंपनींतील शास्त्रज्ञ जॉन मॉरेल यांनीं या प्रश्नाचें मर्म दाखवून दिलें. दोन विमानांत अंतर किती, यापेक्षां टक्कर होण्यास अवधि किती, हें महत्त्वाचें. पांच मैलांचें अंतर मिनिटास दहा मैल या वेगानें तुटत असेल, तर हातीं अवघे ३० सेकंद उरतात.

याच गणितावर पुढें ‘टीकॅस’ हें यंत्र उभें राहिलें. तें रेडिओलहरींनीं शेजारच्या विमानास हांक मारतें, उत्तरावरून अवधि मोजतें आणि एका विमानास वर तर दुसऱ्यास खालीं जाण्यास सांगतें. १९८६ मध्यें सेरिटोस येथील टकरींत ८२ जण दगावले. पुढच्याच वर्षीं अमेरिकेनें या यंत्राच्या सक्तीचा कायदा केला. १२ नोव्हेंबर १९९६ रोजीं दिल्लीजवळ चरखी दादरी येथें ३४९ जीव गेले, तेव्हां भारतांतहि सक्ती आली. नियम आले ते असे, चितेच्या मागून.

ड्रोनमुळें तोच प्रश्न पुन्हां उभा राहिला आहे. त्यांत वैमानिक नाहीं, आणि लहान ड्रोनांत हांकेस उत्तर देणारें यंत्रहि बहुधा नसतें. हजारों ड्रोन त्याच लहरीवर बोलूं लागले तर विमानांच्याच हांका गोंगाटांत बुडतील, म्हणून अमेरिकेनें तें बसविण्यास सामान्यतः मनाई केली आहे. २१ सप्टेंबर २०१७ रोजीं न्यूयॉर्कजवळ एक ड्रोन लष्करी हेलिकॉप्टरवर आदळला. ९ जानेवारी २०२५ रोजीं लॉस एंजेलिसचा वणवा विझविणाऱ्या विमानाच्या पंखास दुसऱ्या एका ड्रोननें भोंक पाडलें, आणि ऐन संकटांत तें विमान निकामी झालें. दोन्हीं वेळां ड्रोन चालकाच्या नजरेआड होता. वैमानिक सुखरूप उतरले, एवढेंच भाग्य.

मोठ्या ड्रोनांसाठीं ‘एकॅस एक्सयू’ या प्रणालीचें मानक २०२० सालीं ठरलें. ती रडारसारख्या साधनांनीं उत्तर न देणारें विमानहि हेरूं शकते, आणि वर-खालींच नव्हे तर डावी-उजवीकडेहि वळण्याचा सल्ला देते. या खेपेस नियम अपघाताच्या आधीं यावा, इतकें ज्ञान आज हातीं आहे. तोंवर लहान ड्रोन उडविणाऱ्यानें तो नजरेच्या टप्प्यांतच ठेवला पाहिजे. कारण त्या यानास दुसरा डोळा नाहीं.