नाव कुतानीचे, माती कुणाची?

पांढऱ्या, टणक भांड्याला आपण मराठीत सरसकट ‘चिनी मातीचे’ म्हणतो. भांडे कुठेही घडलेले असो, नाव चीनचेच. जपानच्या ‘को-कुतानी’, म्हणजे ‘जुन्या कुतानी’ भांड्यांविषयी वाचताना मला या सवयीची वारंवार आठवण झाली. तिथेही नाव आणि जन्मगाव यांची फारकत झालेली दिसते.

परंपरा सांगते ती हकिकत अशी : आजच्या इशिकावा प्रांतात दाइशोजी हे माएदा घराण्याच्या धाकट्या पातीचे संस्थान. तिथल्या कुतानी या डोंगरातल्या गावी चिनी मातीचा दगड सापडला. संस्थानिक माएदा तोशिहारू याने गोतो साइजिरो या आपल्या माणसाला क्यूशू बेटावरच्या आरिता गावी ही विद्या शिकायला धाडले आणि 1655च्या सुमारास कुतानीत भट्टी पेटली. अर्ध्या शतकाच्या आसपास ती थंडावली.

या भांड्यांचे रूप एकदा पाहिले की विसरत नाही. हिरवा, पिवळा, जांभळा, गडद निळा आणि लाल हे त्यांचे पाच रंग. ‘आओते’ प्रकारात तर लाल वगळून बाकीच्या रंगांनी अवघी थाळी भरून टाकतात. पांढरे काही उरतच नाही.

विसाव्या शतकात आरिताच्या जुन्या भट्ट्यांभोवती उत्खनन झाले, तेव्हा याच शैलीच्या भांड्यांचे तुकडे तिथे मिळाले. भट्टीपाशी टाकलेला फुटका तुकडा हा फार भरवशाचा साक्षीदार. चांगली थाळी विकली जाते, गावोगाव फिरते. बिघडलेली मात्र जिथे भाजली तिथेच पडून राहते. त्यामुळे को-कुतानी म्हणून मिरवणारी बरीच भांडी सतराव्या शतकाच्या मध्यास आरितातच घडली, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात.

पण प्रश्न इतक्यावर मिटत नाही. हे काम दोन टप्प्यांचे. आधी भांडे झिलई देऊन मोठ्या भट्टीत कडक भाजायचे. मग झिलईवर रंग भरून लहान भट्टीत कमी आचेवर पुन्हा भाजायचे. हे दोन टप्पे दोन गावीही होऊ शकतात. म्हणूनच आरिताची कोरी भांडी आणून कुतानीकडे रंगवली असावीत, असाही एक पक्ष आहे. शिवाय कुतानीतल्या उत्खननात भट्ट्यांचे अवशेष निघाले आहेत. तिथे चिनी माती भाजली जात होती, यात शंका नाही.

मला मात्र या वादात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. आरिताची विद्या तरी आरिताची कुठे? हिदेयोशीच्या 1592 ते 1598च्या कोरियावरील स्वाऱ्यांत तिथले कुंभार जपानात आणले गेले. त्यांच्यापैकी यी साम-प्योंग याला आरिताजवळ योग्य दगड सापडला, असे परंपरा मानते. त्याचे नाव तरी उरले. इतर बहुतेकांचे तेही नाही.

आणि कुतानीचे काय? 1824 साली दाइशोजीतल्या एका व्यापाऱ्याने जुन्या भट्टीच्या जागेजवळ ‘योशिदाया’ भट्टी उभारली आणि आओतेचे ते भरगच्च रंग पुन्हा जिवंत केले. त्या प्रदेशात कुतानीचे काम आजही चालते. जुन्या थाळ्या त्यांच्या पूर्वजांच्या असोत वा नसोत, त्यांना गुरू मानून या लोकांनी जे घडवले ते निःसंशय त्यांचे आहे. जन्माचा दाखला खापरी देईल. वारसा मात्र तो चालवणाऱ्याचाच, असे मला वाटते.