किल्ल्यावरील मातीचे शिपाई व त्यांच्या वेषाचा प्रश्न

दिवाळीत मुलांनी अंगणात मातीचा किल्ला उभारावा, त्यावर अळीव-मोहरी पेरून रान उगवावे, माथ्यावर छत्रपतींना सिंहासनस्थ करावे आणि बुरुजाबुरुजांवर मावळे उभे करावेत, ही रीत सर्वपरिचित आहे. लोणावळ्यानजीकच्या कुसगावी गेल्या दिवाळीत काही मुलांनी नेहमीचा रायगड सोडून १७७९ च्या वडगावच्या मोहिमेचा देखावा मांडावयाचे ठरविले. खंडाळ्याहून कार्ल्याकडे जाणारी वाट याच टापूतली, तेव्हा विषय त्यांच्या घरचाच होता. शिपायांस रंग कोणते द्यावेत, हे विचारण्यास ती आमच्याकडे आली. पोरखेळ म्हणून आम्ही प्रश्न प्रथम हसण्यावारी नेला. परंतु उत्तर देऊ लागताच तो संशोधकाचाच प्रश्न आहे, हे ध्यानात आले. त्या विचाराचे फलित वाचकांपुढे ठेवीत आहो.

युरोपात हा उद्योग केवळ मुलांचा राहिलेला नाही. अठराव्या शतकात न्यूरेंबर्गच्या कारागिरांनी कथलाचे चपटे शिपाई घडविले. १८२४ साली राइसविट्झ याचा युद्धखेळ प्रशियाच्या सैन्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला. १८९३ साली इंग्लंडात ब्रिटन यांच्या कारखान्याने शिशाचे पोकळ शिपाई काढले. तेथील हौशी रंगारी कॉलरीचा व बटणाचा रंगही पलटणीच्या लेखी नियमावरून ठरवितो. त्यास हे साधते, कारण एका पलटणीस एक गणवेष ही त्या सैन्यांची रीतच होती. आपला पहिला घोटाळा येथेच होतो. बाजारातील मावळे एकाच साच्यातून व एकाच रंगात निघतात, आणि ती एकरूपता आपण नकळत शिवकालावर लादतो.

सभासदाने राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत जिंजीस लिहिलेल्या बखरीत फौजेची रचना सांगितली आहे. बारगिरास घोडा सरकारी. शिलेदाराचा घोडा व हत्यार स्वतःचे. ज्याने घोडाही घरून आणावयाचा, त्याचा अंगरखा सरकारी मापाचा व रंगाचा असणार कोठून? त्याच बखरीत पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमल्याचे सांगितले आहे. हे दोघे आम्ही अद्याप कोणत्याही किल्ल्यावर पाहिलेले नाहीत. तलवार उगारलेले शंभर वीर मिळतात. त्यांस पाणी पाजणारा मात्र मिळत नाही.

चित्रांचा पुरावा घेताना सावधगिरी अधिकच हवी. शिवछत्रपतींचे म्हणून भलत्याच पुरुषाचे चित्र लोकांत रूढ झाले होते; १९३३ साली वा. सी. बेंद्रे यांनी अस्सल चित्र प्रसिद्ध केले, तेव्हा तो भ्रम दूर होऊ लागला. चुकीचे चित्र चुकीच्या वाक्यापेक्षा चिवट असते. मनुचीने मीर महंमदाकडून काढवून घेतलेले शिवछत्रपतींचे चित्र सतराव्या शतकातील आहे. त्यातील वेष त्या काळास लावता येईल. परंतु १७९१ साली हिंदुस्थानात आलेल्या जेम्स वेल्सची पुणे दरबाराची चित्रे, अथवा १८०९ साली शिंद्यांच्या छावणीत असलेल्या ब्राउटनच्या १८१३ च्या ग्रंथातील रंगीत चित्रे उत्तर पेशवाईची होत. त्यांतील पगडी शंभर सव्वाशे वर्षे मागे नेऊन मावळ्याच्या डोक्यावर ठेवणे अप्रमाण आहे.

आता मुलांचा देखावा. इंग्रजांकडे मुंबईकरांच्या पलटणी, गोरे व तेलंगी दोन्ही, तांबड्या डगल्यांत दाखविल्या होत्या, ते योग्यच. कार्ल्यापाशी ४ जानेवारीस पडलेला कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे लोकस्मृतीतील इष्टुर फाकडा, हाही होता. मराठ्यांकडे हरिपंत फडके, तुकोजी होळकर व पानश्यांचा तोफखाना यथास्थित होता. महादजी शिंद्यांच्या मागे मात्र डि बॉयनची कवायती पलटण उभी होती. डि बॉयन शिंद्यांच्या चाकरीस आला १७८४ साली. ती पलटण पाच वर्षे आधीच अवतरली होती! ती काढविली. उलट इंग्रजी लष्कराबरोबर सुमारे एकोणीस हजार बैल होते आणि लढवय्ये चार हजारांच्या आत. मुलांचे बैल होते दोन. ११ जानेवारीच्या रात्री तळेगावाहून माघार व १६ जानेवारीस वडगावचा तह, हा निकाल त्या लांबलचक बाजारबुणग्यावाचून उमगत नाही. सबब आणखी बैल करविले.

पोथीत अक्षरे गळालेली असता दोन प्रकारचे लेखक आढळतात. एक जागा कोरी सोडतो. दुसरा स्वतःचा शब्द घालून ओळ सुरळीत करतो. पुढील नकलकार त्या शब्दालाच मूळ पाठ समजतो. शिपायाचा रंग हाही एक पाठच होय. रंगाऱ्यास कोरी जागा सोडता येत नाही, ही त्याची अडचण खरी. यास्तव आम्ही तीन गोष्टी सुचविल्या. आधी साल ठरवावे. त्या सालाजवळचाच पुरावा घ्यावा. आणि पुरावा नसेल तेथे साध्या सुती कापडाचा पांढरा रंग देऊन तसे खाली चिठ्ठीवर लिहावे. चिठ्ठी ही कोऱ्या जागेचे काम करते.

एका मुलाने खिन्न होऊन विचारले, “गुरुजी, मग भगवा लावायचाच नाही का?” आम्ही म्हणालो, “निशाणास लाव. तेथे तो प्रमाण आहे.” दुसऱ्या दिवशी पाहतो तो बहुतेक शिपाई पांढरे झाले होते, दोघांच्या पगड्या मात्र तशाच भगव्या होत्या. खाली चिठ्ठी होती : “हे आमच्या मनाचे.” छापील ग्रंथांतही अशी चिठ्ठी क्वचितच आढळते.