‘हुतात्मा’ची कुळकथा

लढाईत मेलेल्यासाठी जुन्या मराठीत शब्दांची वाण नव्हती. शिपाई कामी येई, खर्ची पडे. तलवारीच्या धारेलाच तीर्थ मानून ‘धारातीर्थी पडला’ असंही म्हणत. पण हे सगळे शब्द हत्यार घेऊन लढणाऱ्याचे. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत विदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झालेला बाबू गेनू किंवा फासावर चढलेला क्रांतिकारक त्यांत नीट बसत नाही.

ही उणीव सावरकरांच्या ‘हुतात्मा’ने भरून काढली. अरबी-फारसी शब्द हटवायच्या भाषाशुद्धीत ‘शहीद’ला पर्याय म्हणून त्यांनी तो घडवला. ‘हु’ म्हणजे अग्नीत अर्पण करणं. होम, हवन, आहुती ही त्याच धातूची लेकरं. ज्याने स्वतःलाच आहुती म्हणून दिलं, तो हुतात्मा. ‘शहीद’चं मूळ वेगळं. त्याचा मूळ अर्थ साक्षीदार, आणि इंग्रजी ‘मार्टर’ ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचाही तोच.

सोलापूरकरांच्या तोंडी मात्र हा शब्द चार नावांनीच येतो. मे १९३० च्या उठावानंतर शहरात मार्शल लॉ पुकारला गेला. दोन पोलिसांच्या हत्येचा ठपका ठेवून मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. ‘हुतात्मा कुर्बान हुसेन’ हे तीन शब्द सावकाश म्हणून पाहा. पहिला यज्ञातला, दुसरा अरबी, आणि ‘कुर्बान’चा अर्थही अर्पण केलेला! भाषेची शुद्धी करायला घडवलेला शब्द लोकांनी अशा नावाआधी लावला, हा मला त्याचा सर्वांत मोठा मान वाटतो.

पुढे २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्यांवर गोळीबार झाला, आणि मुंबईला हुतात्मा चौक मिळाला.

आता बातम्यांत सीमेवरच्या जवानासाठी सर्रास ‘शहीद’ येतो. लष्कराच्या अधिकृत भाषेत तो शब्द नाही. तिथे ‘बॅटल कॅज्युअल्टी’ अशी नोंद होते.

सोलापूर-पुणे गाडीचं नाव हुतात्मा एक्स्प्रेस. ‘हुतात्मा पकडायची आहे’ असं आपण सहज म्हणतो. पुढच्या वेळी त्या गाडीत बसाल, तेव्हा शेजारच्या पोराला ती चारही नावं सांगा.