पाण्याखाली तगणारा भात

भात हे पाण्यात वाढणारे पीक असले, तरी संपूर्ण रोप बुडालेले त्याला फार काळ सोसत नाही. बुडालेल्या रोपात इथिलिन वायू साठतो. त्याच्या प्रभावाने जिबरेलिन या संप्रेरकाचे कार्य जोर धरते आणि पाण्याबाहेर डोके काढण्यासाठी रोप भराभर उंच वाढू लागते. या धडपडीत साठवलेली शर्करा संपते. पाणी ओसरल्यावर असे रोप लोळते व मरते. (महिनोन्‌महिने संथपणे चढणाऱ्या पाण्यातील खोल पाण्याच्या भाताला हीच उंची तारते, अचानक येऊन ओसरणाऱ्या पुरात मात्र ती घातक ठरते.)

ओडिशातील पारंपरिक भातापासून निवडलेले 'एफआर १३ ए' हे वाण याला अपवाद होते. पुरात ते वाढ थांबवून शर्करा राखून ठेवते आणि पाणी ओसरताच पुन्हा फुटते. मात्र त्याचे उत्पादन कमी असल्याने त्याच्यापासून केलेल्या सुरुवातीच्या संकरांना शेतकऱ्यांची पसंती लाभली नाही. या गुणाचे मूळ नवव्या गुणसूत्रावरील 'सब १ ए' जनुकात असल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने डीएनए-खुणांच्या साहाय्याने तेवढाच गुण पूर्व भारतात लोकप्रिय असलेल्या 'स्वर्णा' वाणात आणला. हे जनुक भाताचेच असून साध्या संकराने आले, त्यामुळे या वाणाला जनुक-परावर्तित पिकांचे नियम लागू झाले नाहीत. 'स्वर्णा-सब १' भारतात २००९ मध्ये प्रसारित झाले.

ओडिशातील १२८ गावांत झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. शेत दहा दिवस बुडाले असता नव्या वाणाचे उत्पादन 'स्वर्णा'पेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक भरले. पूर न आल्यास उत्पादनात घट नव्हती. पूरप्रवण सखल जमिनी प्रामुख्याने सामाजिकदृष्ट्या मागास समूहांकडे असल्याचेही त्यात दिसले. या वाणाचा लाभ त्यामुळे त्यांना अधिक होऊ शकतो; अर्थात, बियाणे त्यांच्या बांधापर्यंत पोहोचले तरच.

या वाणाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. सुमारे दोन आठवड्यांपलीकडे पाणी राहिले, किंवा गुडघाभर पाणी हंगामभर साचून राहिले, तर या जनुकाचा उपयोग होत नाही. शिवाय एकाच हंगामात पूर आणि अवर्षण दोन्ही येतात. म्हणूनच कटक येथील राष्ट्रीय भात संशोधन संस्थेने या दोन्ही ताणांना तोंड देणारे 'सीआर धान ८०१' हे वाण पुढे आणले.