‘आत्ता कसं वाटतंय?’ विचारणाऱ्या ॲपला तुमच्याबद्दल काय काय कळतं?

संध्याकाळी ऑफिसातून निघालात, सिग्नलला अडकलात आणि फोन वाजला. कॉल नाही, मेसेज नाही. एक ॲप विचारतंय, ‘आत्ता किती शांत वाटतंय?’ पट्टीवर बोट थोडं डावीकडे सरकवायचं, आजूबाजूला झाडं दिसतात का, गाड्यांचा आवाज येतोय का, एवढं सांगायचं आणि फोन परत खिशात. अर्ध्या मिनिटाचं काम. दिवसातून दोन-तीनदा, एखाद-दोन आठवडे.

गोंगाट, उकाडा, धूर, गर्दी, सिमेंटचं जंगल यांचा मनावर किती ताण येतो, हे शोधण्याची ही पद्धत गेल्या दीड दशकात जगभरच्या विद्यापीठांमध्ये रुळली आहे. त्यातून मिळालेली माहिती शहरांच्या नियोजनासाठी मोलाची आहे, यात वाद नाही. प्रश्न वेगळा आहे. तुम्ही फक्त मूड सांगता, पण ॲपकडे मूड, जागा आणि वेळ अशा तिन्ही गोष्टी एकत्र जमा होतात. या तिन्हींचं मिश्रण कुणाच्या हाती पडलं तर तुमचं नाव त्याला लागतच नाही.

संशोधकांना फोनच का हवा?

‘गेल्या महिन्यात तुम्हाला किती ताण होता?’ असं कुणी विचारलं तर आपण अंदाजाने काहीतरी सांगतो. काल रात्रीचं भांडण आठवतं, मागच्या आठवड्यात बागेत मारलेली चक्कर आठवत नाही. म्हणून चालू क्षणीच विचारायचं, ही कल्पना पुढे आली. आधी त्यासाठी पेजर आणि डायऱ्या वापरल्या जायच्या. स्मार्टफोन आला आणि प्रश्नासोबत जागाही आपोआप नोंदवता यायला लागली.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी २०१० मध्ये ‘मॅपिनेस’ नावाचं आयफोन ॲप आणलं. ते दिवसातून कधीही टुणकन वाजायचं आणि तुम्ही किती आनंदी, किती निवांत, किती ताजेतवाने आहात ते विचारायचं. सोबत कोण आहे, काय करताय, हेही. जीपीएसवरून जागा कळायची आणि बाहेर असाल तर मायक्रोफोनवरून आवाजाची पातळी. २०१३ मध्ये निष्कर्ष छापून आले तेव्हा २० हजारांहून जास्त लोकांची १० लाखांहून जास्त उत्तरं जमली होती. हिरवळीत किंवा निसर्गात असलेली माणसं शहरी भागाच्या तुलनेत जास्त आनंदी होती. समुद्रकिनारी तर १०० पैकी सुमारे ६ गुणांनी जास्त. (जुहू किंवा मिरामारला संध्याकाळी जाणाऱ्यांना यासाठी अभ्यासाची गरज नव्हती, पण आकडा मिळाला हे बरं झालं.)

लंडनच्याच किंग्ज कॉलेजचं ‘अर्बन माइंड’ हे ॲप याच वाटेवरचं. त्याचा २०२२ मधला अभ्यास चांगलाच गाजला. १,२९२ लोकांची २६,८५६ उत्तरं तपासल्यावर दिसलं की पक्षी दिसले किंवा त्यांचा आवाज ऐकू आला, त्या वेळी लोकांना जास्त बरं वाटत होतं. नैराश्याचं निदान झालेल्या सहभागींच्या बाबतीतही हेच दिसलं.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. नैराश्य असलेल्या लोकांवरचा परिणाम वेगळा काढायचा, तर निदान झालंय का हे आधी विचारावं लागतं. म्हणजे अशा अभ्यासात आजाराची माहिती आणि लोकेशन एकाच सहभागीच्या खात्यावर जमा होऊ शकते. संशोधनासाठी ते गरजेचं आहे. पण मग ती माहिती सांभाळण्याची जबाबदारीही तितकीच वाढते.

नाव नाही, नंबर नाही, मग भीती कसली?

‘तुमची माहिती पूर्णपणे निनावी ठेवली जाईल.’ हे वाक्य जवळपास प्रत्येक ॲपवर असतं आणि बहुतेक वेळा ते प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं. अडचण अशी की लोकेशनच्या बाबतीत ते पाळणं फार अवघड आहे.

२०१३ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. संशोधकांनी एका देशातल्या १५ लाख मोबाइलधारकांच्या १५ महिन्यांच्या नोंदी घेतल्या. नावं काढलेली होती. जागा मोबाइल टॉवरपुरती आणि वेळ तासापुरती, म्हणजे नोंदी तशा ढोबळच. तरीही एखादी व्यक्ती कुठल्या वेळी कुठे होती याचे फक्त चार बिंदू माहीत असले, तर ९५ टक्के लोक गर्दीतून वेगळे काढता येत होते.

कारण साधं आहे. रात्री दोन वाजता फोन जिथे असतो ते घर, सकाळी अकराला जिथे असतो ते ऑफिस किंवा कॉलेज. त्या घरातून त्या ऑफिसात जाणारी व्यक्ती सहसा एकच असते. आता त्यात मूडची भर घाला. समजा, दर मंगळवारी संध्याकाळी एकाच इमारतीतून उत्तर येतंय आणि त्या इमारतीत मानसोपचारतज्ज्ञांचा दवाखाना आहे. किंवा घरी असताना दिलेल्या प्रत्येक उत्तरात ‘भीती वाटते’ आणि बाहेर असताना ‘बरं वाटतंय’. ही माहिती विमा कंपनीच्या, बॉसच्या किंवा त्याच घरातल्या एखाद्या माणसाच्या हाती पडली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

गर्दीचा डेटा एकत्र करून दाखवला की धोका संपतो, असंही नाही. स्ट्रावा या व्यायामाच्या ॲपने नोव्हेंबर २०१७ मध्ये जगभरच्या वापरकर्त्यांच्या धावण्याचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कुणाचंही नाव नव्हतं. दोन महिन्यांनी एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने दाखवून दिलं की सीरिया, अफगाणिस्तानसारख्या ठिकाणी, जिथे हे ॲप वापरणारे परदेशी सैनिकच जास्त, तिथे लष्करी तळांच्या वाटा नकाशावर स्पष्ट उजळून निघाल्या आहेत.

मग जागा पुसट करून टाका ना?

हा पहिला उपाय सगळ्यांनाच सुचतो. अक्षांश-रेखांशात दशांश चिन्हापुढे चार आकडे ठेवले तर जागा साधारण ११ मीटरपर्यंत नेमकी कळते, म्हणजे कुठली बिल्डिंग ते समजतं. दोनच आकडे ठेवले तर साधारण एक किलोमीटरचा पट्टा मिळतो. आता फोनमध्येही ही सोय आहे. आयफोनवर २०२० पासून आणि अँड्रॉइडवर २०२१ पासून ॲपला नेमकी जागा न देता अंदाजे जागा देता येते.

पण पर्यावरणाच्या ताणावरच्या संशोधनात नेमकी इथेच गाडी अडते. पुण्यात एका किलोमीटरच्या आत टेकडी येते, हायवे येतो, वाडे येतात आणि कचरा डेपोही येऊ शकतो. झाडाखाली बसलेल्या माणसाला बरं वाटतं का, हे शोधायचं असेल तर तो झाडाखाली होता की फ्लायओव्हरखाली, हे कळायलाच हवं. जागा पुसली की अभ्यासही पुसला जातो.

यावर त्यातल्या त्यात पटणारा मार्ग असा: संशोधकाला खरं तर तुमचा पत्ता नको असतो, तिथलं वातावरण हवं असतं. १०० मीटरच्या आत हिरवळ किती टक्के, मोठा रस्ता किती लांब, त्या तासाला हवेची गुणवत्ता कशी होती. हे आकडे फोनवरच किंवा डेटा पोहोचल्या पोहोचल्या काढून घ्यायचे आणि अक्षांश-रेखांश पुसून टाकायचे. शिल्लक राहतं ते ‘हिरवळ ४० टक्के, रस्ता ८० मीटर, मूड ७’. यातूनही कुणीच कधीच ओळखू येणार नाही याची शंभर टक्के हमी नाही, पण घराचा पत्ता सर्व्हरवर पडून राहण्यापेक्षा हे कितीतरी बरं. जे ॲप वर्षानुवर्षं कच्चं लोकेशन साठवतं, त्याला ते का लागतं हे विचारायलाच हवं.

मायक्रोफोनचं काय?

आवाजाच्या प्रदूषणावरची ॲप्स मायक्रोफोनची परवानगी मागतात. इथे दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ध्वनिमुद्रण वेगळं आणि डेसिबलचा आकडा वेगळा. फ्रान्समधल्या संशोधन संस्थांचं ‘नॉइजकॅप्चर’ हे ॲप आवाज रेकॉर्ड करून पाठवत नाही. फोनवरच आवाजाची पातळी मोजून फक्त आकडे पाठवतं. असं असेल तर शेजारच्या खोलीत आई फोनवर काय बोलत होती, हे बाहेर जात नाही. रेकॉर्डिंग जात असेल तर मात्र आईची संमती कुणीच घेतलेली नाही.

नुसत्या आकड्यालाही पत्ता चिकटलेला असतोच. आपल्याकडे गणपतीत किंवा लग्नाच्या सीझनमध्ये डीजेविरुद्ध तक्रार करणाऱ्याचं नाव मंडळाला कळलं तर काय होतं, ते सोसायटीत राहणाऱ्या कुणालाही विचारा. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने भोंग्यांच्या आवाजाबद्दलच्या प्रकरणात पोलिसांना सांगितलं की तक्रारदाराची ओळख न मागता कारवाई करावी. आता कल्पना करा, गल्लीतल्या एकाच खिडकीतून रोज रात्री साडेअकराला ‘८५ डेसिबल, खूप त्रास होतोय’ अशी नोंद नकाशावर दिसतेय. नाव कुठेच नाही आणि तरीही अख्ख्या गल्लीला माहीत आहे.

‘अलाऊ’ दाबलं म्हणजे संमती दिली का?

नाही. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. फोनवर ‘या ॲपला लोकेशन वापरू द्यायचं का?’ अशी चौकट येते, ती फोनची परवानगी. संशोधनात सहभागी होण्याची संमती ही वेगळी गोष्ट आहे. अभ्यास कशासाठी आहे, कोण करतंय, माहिती किती काळ राहील, पुढे कुणाला दिली जाईल, मधूनच बाहेर कसं पडायचं, हे सगळं कळल्यावर दिलेला होकार म्हणजे संमती.

दोन्हींची सरमिसळ केली की काय होतं, ते फेसबुकने दाखवून दिलं. जानेवारी २०१२ मध्ये एक आठवडा ६,८९,००३ लोकांच्या न्यूज फीडमधल्या आनंदी किंवा दुःखी पोस्ट कमी करून त्यांच्या मूडवर काय परिणाम होतो ते पाहिलं गेलं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. २०१४ मध्ये शोधनिबंध छापून आला तेव्हा संशोधकांचं म्हणणं होतं की अकाउंट उघडताना धोरण मान्य केलं, तीच संमती. टीकेची झोड उठली आणि ज्या नियतकालिकाने तो छापला होता, त्यालाही नंतर चिंता व्यक्त करणारं निवेदन काढावं लागलं.

भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. संमती मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट कारणापुरती, माहिती घेऊन दिलेली, विनाअट आणि निःसंदिग्ध असावी, असं तो म्हणतो. संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असायला हवं. आणि मराठी वाचकांना फारशी माहीत नसलेली तरतूद म्हणजे, संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. त्यात मराठी आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि सूचना, संमती वगैरे मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत दिली गेली.

पण यात दोन फटी आहेत. एक म्हणजे संशोधनाला सूट. डेटा वापरून एखाद्या विशिष्ट व्यक्तीबद्दल निर्णय घेतला जाणार नसेल आणि ठरवून दिलेले निकष पाळले जात असतील, तर संशोधनासाठीच्या कामाला हा कायदा लागू होत नाही. दुसरी फट जास्त खटकणारी आहे. २०११ च्या जुन्या नियमांत मानसिक आरोग्याची माहिती ‘संवेदनशील’ मानलेली होती आणि युरोपच्या जीडीपीआर कायद्यात आरोग्याचा डेटा आजही विशेष वर्गात मोडतो. आपल्या नव्या कायद्यात असा वेगळा वर्गच नाही. पिझ्झाची ऑर्डर आणि नैराश्याचं निदान, दोन्ही नुसताच ‘वैयक्तिक डेटा’.

म्हणून आपल्याकडे खरा आधार उरतो तो नैतिकता समितीचा. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार माणसांवरच्या आरोग्यविषयक संशोधनाला अशा समितीची मंजुरी आणि सहभागींची माहितीपूर्ण संमती लागते. विद्यापीठाच्या ॲपवर समितीचा उल्लेख आणि संपर्काचा पत्ता सापडायला हवा. नुसतं ‘वेलनेस’ ॲप असेल आणि ‘आम्ही संशोधनही करतो’ असं खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असेल, तर ही चाळणी बहुधा लागलेलीच नसते. कंपनीच्या एचआरने सगळ्यांना डाउनलोड करायला लावलेलं ॲप हा आणखी वेगळा प्रकार. बॉस बघत असताना दिलेल्या होकाराला मोकळी संमती म्हणणं कठीण आहे.

बाहेर पडायचं असेल तर?

ॲप अनइन्स्टॉल केलं की नवीन माहिती जायची थांबते. आधी गेलेली माहिती सर्व्हरवर तशीच राहते. ती पुसायची असेल तर संशोधकांना तसं कळवावं लागतं आणि इथे एक गंमत होते. ज्या अभ्यासात नाव-नंबर घेतलेलाच नसतो, तिथे तुमची नोंद शोधायला फक्त तुमचा सहभाग क्रमांक उपयोगी पडतो. तो बहुतेक वेळा ॲपच्या सेटिंग्जमध्येच असतो आणि ॲप काढलं की तोही जातो. त्यामुळे आधी तो क्रमांक लिहून घ्यायचा किंवा स्क्रीनशॉट काढायचा, मेल पाठवायचा, माहिती पुसल्याचं उत्तर येऊ द्यायचं आणि मग ॲप काढायचं.