घरातील बंदूक: कुलूप हेच पहिले संरक्षण

विठ्ठलवाडी, प्रतिनिधी – स्वसंरक्षणासाठी परवाना मिळवून घरात रायफल किंवा रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्यांपुढे एक प्रश्न कायम असतो. ऐन वेळी हाताशी यावे म्हणून शस्त्र भरून उशाशी ठेवावे, की रिकामे करून कुलूपबंद ठेवावे? चोर घरात शिरण्याचा प्रसंग क्वचितच येतो. घरातली मुले, पाहुणे, मोलकरीण आणि रागाच्या भरातले कुटुंबीय मात्र रोजच शस्त्राच्या आसपास वावरत असतात. त्यामुळे रिकामे व कुलूपबंद शस्त्र हाच या प्रश्नाचा योग्य निर्णय ठरतो.

भरलेल्या शस्त्राचा धोका

अभिनेते गोविंदा यांच्या जुहू येथील घरी १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे घडलेला अपघात या दृष्टीने बोलका आहे. कोलकात्याला निघण्याच्या तयारीत असताना परवान्याचे रिव्हॉल्व्हर ठेवताना ते हातातून निसटले आणि सुटलेली गोळी पायाला लागली, अशी माहिती त्यांच्या व्यवस्थापकांनी दिली होती. शस्त्रक्रियेनंतर ४ ऑक्टोबर रोजी त्यांना रुग्णालयातून घरी सोडण्यात आले. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस नसते, तर हा प्रसंग शस्त्र खाली पडण्यापुरताच राहिला असता.

परवाना आणि जबाबदारी

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हा परिसर ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतो. आयुक्तालयाच्या क्षेत्रात परवान्याचे अधिकार पोलीस आयुक्तांकडे, तर अन्यत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात. अर्जदाराच्या पूर्वेतिहासाबाबत स्थानिक पोलीस ठाण्याचा अहवाल मागविण्यात येतो.

शस्त्र नियम, २०१६ मध्ये अर्जदाराला सुरक्षा प्रशिक्षण घेण्याची तरतूद असून शस्त्राची सुरक्षित साठवणूक हा त्या प्रशिक्षणाचा भाग आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणण्यात आली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे करण्यात आली. निष्काळजीपणे वा आनंदोत्सवात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

शस्त्र कसे ठेवावे?

* घरात आल्यावर सर्वप्रथम शस्त्र रिकामे करावे. नळी सुरक्षित दिशेला ठेवून व चापापासून बोट दूर ठेवून मॅगझिन काढावे, बोल्ट उघडावा आणि चेंबर डोळ्यांनी व बोटाने तपासावे. मॅगझिन काढले तरी चेंबरमध्ये एक काडतूस राहू शकते. अनेक अपघातांचे मूळ या एका काडतुसात असते.
* शस्त्र भिंतीला किंवा जमिनीला पक्के बसवलेल्या लोखंडी कपाटात ठेवावे. कपड्यांच्या कपाटाचा वरचा कप्पा, गादीखालची जागा व मोटारीची डिकी या जागा टाळाव्यात.
* काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत. बोल्ट रायफलचा बोल्ट काढून निराळा ठेवल्यास, चोरीला गेली तरी ती रायफल लगेच वापरता येत नाही.
* किल्ली परवानाधारकाकडेच असावी. देव्हाऱ्यात किंवा फ्रीजवर ठेवलेली किल्ली मुलांना सर्वांआधी सापडते.
* बंदूक दिसली तर हात न लावता मोठ्यांना सांगायचे, हे मुलांना शिकवावे. मात्र ही शिकवण कुलपाला पर्याय नाही.
* घरातील कोणी तीव्र नैराश्यात असेल, व्यसनाधीन असेल किंवा आत्महत्येची भाषा बोलत असेल, तर शस्त्र घराबाहेर हलवणेच योग्य. ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याबाबत विलंब न करता पोलिसांशी बोलावे. मानसिक आधारासाठी ‘टेलिमानस’ची १४४१६ ही हेल्पलाइन उपलब्ध आहे.

दाट वस्ती आणि पावसाळा

विठ्ठलवाडी व उल्हासनगरच्या कॅम्प भागांत घराला घर लागून आहे. रायफलची गोळी प्लायवूडचे दार, पत्रा किंवा पातळ पार्टिशन सहज भेदून शेजारच्या खोलीत पोहोचते. चाळीत नेम चुकला, तर त्याची किंमत शेजाऱ्याला मोजावी लागते.

पावसाळ्यात निगा अधिक लागते. कापडी किंवा चामडी म्यानात ओलावा धरून राहतो व नळी गंजते. शस्त्र कोरडे पुसून, तेलाचा हलका हात देऊन ठेवावे. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात. काडतुसे कोरड्या जागी, उष्णतेपासून दूर ठेवावीत.

गावी जाताना, शस्त्र हरवल्यास

मे महिन्यात किंवा गणपतीत आठवडाभर घर बंद राहणार असेल, तर शस्त्र सुरक्षित ठेवीसाठी जमा करण्याची चौकशी आधीच करावी. शस्त्र हरवल्यास किंवा चोरीस गेल्यास तत्काळ पोलीस ठाण्यात कळवावे. परवानाधारकाचे निधन झाल्यास वारसांना ते शस्त्र तसेच घरात ठेवता येत नाही. ते जमा करून रीतसर अर्ज करावा लागतो. निवडणूक काळात शस्त्र जमा करण्याचे आदेश मिळाल्यास त्यांचे पालन करावे. परवान्याच्या अटींचा भंग केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

हक्काला मर्यादा

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी संरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये दिला आहे. मात्र संरक्षणासाठी आवश्यक तेवढ्याच बळाचा वापर करता येतो, आणि पोलिसांची मदत घेण्याइतका अवधी असेल तेथे हा हक्क उरत नाही. पळून जाणाऱ्या चोरावर पाठीमागून गोळी झाडणारा स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहू शकतो.

म्हणून सज्जतेचा क्रम ठरवून ठेवावा. मजबूत दार, आतली कडी, जिन्यावरचा दिवा, जागे शेजारी आणि ११२ क्रमांक हे उपाय आधी येतात. दाराशी खडखड ऐकू आल्यास कुटुंबाला एका खोलीत घेऊन दार लावावे आणि पोलिसांना फोन करावा. शस्त्राचा विचार या सर्वांनंतर, जिवावर बेतले तरच. ती वेळ आली नाही, तर कपाटाचे कुलूप वर्षानुवर्षे तसेच बंद राहणे हेच परवानाधारकाच्या जबाबदारीचे खरे यश होय.